मॅक्सवेलमधला माणूस

जुन्या फोटोतली मोटार ओळखावी तर व्हर्जिल स्टकीनेच, असं इंडियानातल्या आमच्या गावात सगळे म्हणत. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस; पण नुसता पितळी दिवा दिसला, की गाडीचं नाव-साल सांगून मोकळा!

बायकोची, ओपलची, बहीण वारली आणि तिच्या सामानात एक फोटो निघाला. लग्नाआधीची ओपल मोटारीत बसलेली, चांगली खुशीत. शेजारी चाक धरून कुणीतरी बाप्या. डोळ्यांवर धूळ अडवणारा मोठा चष्मा, टोपी कपाळाखाली ओढलेली.

“मॅक्सवेल. एकोणीसशे दहा,” व्हर्जिल पटकन म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्या काळी अख्ख्या परगण्यात मॅक्सवेल होती ती एकट्या लोवेल हॅचकडे. गिरणीवाल्याचा लाडोबा! अजूनही चर्चमध्ये ओपलच्या शेजारी उभा राहून गातो मेला.

“या लोवेलबरोबर फिरत होतीस?”

ओपलने फोटो पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. “जाणकार तू ना? मग तूच ओळख,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

झालं! व्हर्जिलच्या अंगाचा तिळपापड झाला. रविवारी चर्चच्या जेवणात तिने लोवेलला अ‍ॅपल पाय वाढला, तेव्हा तर तो ताट सारून उठलाच. पन्नास वर्षं संसार केला, आणि ही बया मनात त्याला घेऊन बसली? त्याने बोलणं बंद केलं आणि उशी उचलून बाहेरच्या खोलीत मुक्काम ठोकला.

गाडीचा नंबर दिसला तर पुरावाच हाती येईल, म्हणून तो फोटो घेऊन मोटार क्लबात गेला. तिथल्या म्हाताऱ्या एझ्राने भिंग लावलं आणि खो खो हसत सुटला.

“लेका व्हर्जिल, गाडीखाली बघ. बूट दिसतायत, दोघांचे! जत्रेतल्या फोटोवाल्याचं मोटार रंगवलेलं फळकुट आहे हे, मागे उभं राहून फोटो काढायचा. चष्मा-टोपीसुद्धा तोच द्यायचा.”

व्हर्जिल धापा टाकत घरी आला. “ओपल, लोवेल नव्हताच! फळकुट होतं गं!”

“बरं. मग कोण होतं?”

व्हर्जिलने फोटो पुन्हा डोळ्यांशी धरला.

“अरे येड्या, तू! त्याच फळकुटामागे मागणी घातलीस मला.” ओपलने त्याच्या हातातून फोटो काढून घेतला. “म्हटलं, आज ओळखेल, उद्या ओळखेल.”

तो खुर्ची ओढून बसला. ती जत्रा त्याला लख्ख आठवत होती. कुंपणाशी उभ्या असलेल्या तिन्ही मोटारी, त्यांचे दिवे, त्यांची चाकं. ओपल त्या दिवशी काय म्हणाली होती, ते मात्र काही केल्या आठवेना.