डायनासोर, मगरी आणि भागीमावशींची म्हैस

लग्नाला वीस वर्षं झाली की नवरा मे महिन्यात महाबळेश्वर सुचवत नाही, मगरी सुचवतो. "डायनासोर मेले त्या संकटातून तरलेला प्राणी सावित्री नदीच्या काठी ऊन खात पडलाय, आणि आपण टीव्ही बघतोय!" आमचे हे म्हणाले. मला टीव्ही चालला असता.

रेल्वेने वीरला उतरा. बाहेर रिक्षा असतात. भाडं बसण्याआधी ठरवा, नंतर ठरवणं ही निव्वळ भक्ती. दासगावच्या बाजूला सकाळच्या उन्हात तीन ओंडके दिसले. एकाने जबडा उघडला, तेव्हा ह्यांनीही उघडला. "उल्का पडली, आभाळ काळवंडलं, झाडं मेली. ज्यांना रोज ढीगभर चारा लागायचा ते गेले, त्यांना खाणारेही गेले. मगर मात्र महिनोन्‌महिने उपाशी पडून राहते. शिवाय नदीत कुजकं-सडकं वाहून येतं, त्यावर मासे जगतात, माशांवर ही." काही न करता पडून राहिल्याने वंश टिकतो हे ऐकून ह्यांच्याविषयीची माझी काळजी मिटली.

महाडला मिसळ खाऊन एसटीने पोलादपूर. तिथून जवळच सुनीताच्या घरी उतरलो. दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. तांदळाची भाकरी वाढताना म्हणाली, "ताई, उद्या वर धनगरवाड्यावर जाताय ना? माझी सासू एकटीच हाय तिथं. दरडीच्या भीतीनं सगळी वाडी खाली आली. शेरडं आली, कोंबड्या आल्या. पण वाट तुटलीय, गाभण म्हैस उतरत नाय. म्हणून आत्याबाय पन उतरत नाय. पाऊस तोंडावर आलाय. तुम्ही तरी सांगा तिला."

चढण 'जवळच हाय' इतकी आहे. पाणी दुप्पट घ्या. तुटलेल्या जागी शेळीपुरती कड उरली आहे. ती ह्यांनी बसून ओलांडली.

सुनीताची सासू, भागीमावशी, म्हशीचं अंग घासत होत्या. चहा झाला आणि ह्यांनी डायनासोर काढले. "मावशी, तेव्हा जमिनीवर मोठ्या कुत्र्याहून मोठं फारसं काही वाचलं नाही. वाचली ती लहान, बिळात शिरणारी, बी-किडा मिळेल ते खाणारी. मोठ्या जनावराचं काही खरं नसतं. तुम्ही तरी खाली चला."

मावशींनी हात थांबवला. "त्या मोठ्या जनावरांना पेंढा घालनारा कोन नव्हता काय?"

"माणूस तेव्हा जन्मायचा होता."

"मग मरतील नाय तर काय! हिला मी हाय." मग माझ्याकडे वळून, "बस गो बाय. तुझा घरवाला बोलतो चांगला. काम काय करतो?"

हे विज्ञान नव्हे, कळतं मला. दरडीला पेंढा घालून भागत नाही, हेही कळतं. तरी सुनीताने सांगायला लावलेलं 'खाली चला' माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हशीच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी हललं.

घरी येऊन आठवडा झाला. मगरींचे फोटो उत्तम आलेत, ओंडक्यांसारखेच. मी मात्र रोज आभाळ बघते, आणि ती शेळीपुरती कड डोळ्यांपुढे येते.

काल सुनीताचा फोन आला. "आत्याबाय ऐकायची नाय. मग ठरवलं, म्हशीलाच उतरवू. रविवारी सगळी वाडी वाट खणणार. मानसं कमी हायत, ताई."

ह्यांना सांगितलं. आत्ता नेटवर शोधत बसलेत, गाभण म्हैस किती रुंद असते.