बेसच्या बॉक्सवर झोपणारी गुड्डी

आंधळगावात एसटी थांब्याच्या मागे माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत डीजेवाले कॉइली जाळून आणतात आणि मी त्या बदलून देतो. सगळ्यात जास्त कॉइली जाळणारा गडी म्हणजे प्रविण. त्याच्या गाडीवर बायकोच्या नावानं हातभर अक्षरांत ‘डीजे दामिनी’ लिहिलेलं. दामिनीला आधी त्याची लाज वाटायची, पण नाव तुमसरपर्यंत गाजलं तशी तीही बोलायची थांबली.

प्रविणला इलेक्ट्रॉनिक संगीताचं खरंखुरं वेड. वरातीत लोक मागतील ते वाजवायचा, आणि काम नसलं की माझ्या दुकानात हेडफोन चढवून परदेशातल्या लोकांचे ट्रॅक ऐकत बसायचा. “हे ऐका भाऊ, इथं त्यानं फिल्टर उघडला,” म्हणत हेडफोन माझ्या कानांवर चढवायचा. मला त्यात राईस मिलचा पट्टा फिरल्यासारखंच ऐकू यायचं. तसं म्हटलं की दोन दिवस रुसायचा.

दामिनी मिलमध्ये कामाला जायची, त्यामुळे त्यांची पोरगी गुड्डी सहा महिन्यांची असल्यापासून बापाबरोबर गाडीवर. वरात बेभान नाचते आहे, घरांचे पत्रे थरथरताहेत, आणि ही पोरगी बेसच्या बॉक्सवर दुपट्यात गाढ झोपलेली. लोक तिचे व्हिडिओ काढायचे. “डीजेवाल्याची पोट्टी हाये, तिले आवाजाशिवाय झोपच येत नाही,” असं प्रविण छाती फुगवून सांगायचा. मीही हा किस्सा गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून सांगितला आहे.

आणखी एक. कॉइल बसवली की आम्ही बॉक्सच्या कागदी पडद्यावर तळहात ठेवतो. कुठं घासत असेल तर ते कानाच्या आधी हाताला कळतं. गुड्डी चालायला लागली तशी तीही वाजत्या बॉक्सवर हात ठेवून उभी राहायची, डोळे मिटून. आम्ही म्हणालो, पोरगी मेकॅनिक होणार. गाढव होतो दोघंही.

यंदा पितृपक्षात गाडी उभी होती. प्रविणच्या एका आवडत्या ट्रॅकच्या सुरुवातीला पियानोचा छोटा तुकडा होता. तो कुठून उचलला हे शोधता शोधता तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुण्या फ्रेंच माणसाच्या संगीतापाशी पोचला. तीन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला तो चक्क हळू आवाजात बोलत.

“भाऊ, याच्यात ठोकाच नाही. सूर येते आन तिथंच रेंगाळते. आपन मशीननं आवाज लांबवतो, धूसर करतो, ते या मानसानं पायानं केलं. पियानोच्या खाली पट्टी रायते, ते दाबून. मशीन कुठं होती तवा!”

मी ऐकलं. आधी वाटलं, वाजवणारा मधेच विसरला. मग तलावावर मासेमाऱ्याचा डोंगा निघून गेल्यावरही पाणी किती वेळ हलत राहतं ते आठवलं, आणि मी हातातलं काम खाली ठेवलं.

“गुड्डीले रोज हेच ऐकवनार,” प्रविण म्हणाला. “माझ्या कानात लहानपनी नुसता धिंगाना गेला. तिच्या तरी चांगलं जाऊ द्या.” माझ्याकडचा एक लहान बॉक्स त्यानं घरी नेला.

आठ दिवसांनी तो, दामिनी आणि गुड्डी तिघंही दुकानात आली. “पोट्टी वळूनही पाहत नाही भाऊ,” प्रविण म्हणाला.

“तिला डीजेची सवय. हे मुळमुळीत कशाला आवडेल?” मी हसलो.

दामिनी उसळली. “मी दीड वर्षापासून सांगून राहिली! मागं थाळी पडली तरी पोट्टी दचकत नाही, तीन वर्साची झाली तरी बोलत नाही. तर हा म्हनते, काही लेकरं उशिरा बोलतेत. याच्या गाडीपुढं माझं कोन ऐकते?”

प्रविण गुड्डीच्या मागे गेला आणि त्यानं जोरात टाळी वाजवली. ती माझ्या टेबलावरचे स्क्रू रांगेत लावत राहिली. त्यानं पुन्हा वाजवली. पुन्हा. शेवटी दामिनीनं त्याचे हात धरले.

भंडाऱ्याला तपासणी झाली. दोन्ही कान जवळजवळ गेलेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, कानाला यंत्र लावून पाहू, थोडा उपयोग होईल. पण जन्मापासूनच असं होतं की आवाजानं झालं, ते आता सांगता येणार नाही. प्रविणला या ‘सांगता येणार नाही’नंच खाल्लं. जन्मापासून असतं तर देवाला शिव्या देऊन मोकळा झाला असता. आता शिव्या द्यायला तो स्वतःच उरला होता. आणि मी. त्या बॉक्सच्या कॉइली माझ्याच हातच्या.

भंडाऱ्याच्या एसटीतून उतरले ते थेट माझ्याकडे आले. प्रविणचा मोठा बेस दुरुस्त होऊन कोपऱ्यात पडला होता.

“त्याच्यावर लावा,” तो म्हणाला.

“बेसच्या बॉक्सवर पियानो काय कळणार?”

“लावा ना भाऊ.”

मी लावला. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा दिसताच गुड्डी हसत धावली, पडद्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. पियानो दूरवरून आल्यासारखा हळू वाजत होता. कागद हलत नव्हता. तिनं वाट पाहिली. दुसरा हात ठेवला. मग गाल टेकवला. डोळे उघडून बापाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दामिनी त्याच्याकडे पाहत नव्हती.

गुड्डी टेबलापाशी आली. तिनं माझा स्क्रूड्रायव्हर शोधला, माझ्या हातात दिला आणि शर्ट धरून मला बॉक्सकडे ओढू लागली.

बॉक्समध्ये काहीच बिघाड नव्हता. तरी मी खाली बसलो आणि तिच्यासमोर एकेक स्क्रू उघडू लागलो.