कॅमेऱ्यावरची टिकली

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आज माझी टिकली दिसली. न्हाणीघरातल्या आरशावर मी चिकटवून ठेवते, त्यातलीच एक लाल. लेकीनं लावली होती. तिच्या गेमबरोबर एक पहारेकरी प्रोग्रॅम येतो म्हणे. खेळात कोणी लबाडी करू नये म्हणून तो लॅपटॉप सुरू होतानाच जागा होतो आणि आत काय चाललंय ते बघत बसतो.

"आई, तो फक्त चोर शोधतो गं."

"आणि त्यासाठी आपलं घर धुंडाळतो?"

"म्हणून तर टिकली लावली!" हसत ती कॉलेजला गेली.

आरसाही रोज मला बघतो. पण तो काही ठेवून घेत नाही.

मी बहिणीला मेल लिहायला बसले. छातीत हाताला लागलेल्या गाठीबद्दल अजून कोणाशीच बोलले नव्हते. दोन ओळी लिहिल्या आणि मान आपोआप मागे वळली. मागे नुसती भिंत होती. पहारेकरी तर टिकलीच्या आतल्या बाजूला, माझ्या अक्षरांखाली कुठेतरी.

घाईघाईनं मी सगळं खोडलं. पण खोडण्याआधीच त्यानं ते वाचलं असणार. आता ही गोष्ट दोघांना ठाऊक असेल. मला, आणि त्याला.