चिंगीचा फॉर्म मी भरला

“गॅस्ट्रिक अल्सर,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला झालेली जखम. “आन् क्रिएटिनिनबी वाढलं हाये.” क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा. तो वाढला की समजायचं, मूत्रपिंडं थकली.

टेबलावर आमची चिंगी, नऊ वर्षांची गावठी कुत्री, डोळे अर्धवट मिटून पडली होती. डॉक्टर किरनापूरकडचे. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, “काका, मानसाची गोळी देल्ली काय?”

बायको, सुमन, शेजारीच उभी होती. मी म्हणालो, “हौ.”

हे मी आदल्या दिवशीच बोलायला हवं होतं. न बोलण्यामागे माझी पस्तीस वर्षांची साधना आहे. मी बालाघाटात विमा एजंट होतो. पूर्वीचा आजार? नाही. औषधं चालू? नाही. लोक खाली सही करायचे, वरचं सगळं मी भरायचो. माझ्या फॉर्मांवर विश्वास ठेवला तर या जिल्ह्यात कोणाला कधी साधा दमासुद्धा झालेला नाही.

चिंगी ओट्यावरून उडी मारून लंगडली, तेव्हा माझी गुडघेदुखीची गोळी मी खव्यात घालून तिला दोन दिवस चारली. मला लागू पडते, तर तिला का नाही? लंगडणं काही थांबलं नाही. सुमन म्हणाली, फोनवरच्या डॉक्टरले दाखवा.

ॲप उघडलं, फॉर्म आला. फॉर्म दिसला की माझा अंगठा आपोआप चालतो. उलट्या? नाही. जुना आजार? नाही. माणसांचं औषध दिलंय? नाही. शेवटी एक चौकोन होता: डॉक्टर जनावराला हात लावून तपासू शकत नाहीत, तुमच्या माहितीवर विसंबून सल्ला देतील, हा धोका तुम्हाला मान्य आहे का? तिथे मात्र मी होकार दिला. वाचलं नाही, नुसता दिला.

फोनवरची डॉक्टर दूरच्या शहरातली तरुण मुलगी. तिनं चिंगीला अंगणात चालवून पाहिलं, हिरड्या दाखवायला लावल्या. मग परत विचारलं, “काका, घरातलं काही पेनकिलर दिलंत का? दिलं असेल तर मी दुसरं लिहिणार नाही. दोन्ही एकत्र गेली तर पोटात रक्त येतं.”

फोन सुमनच्या हातात. ‘आपल्या गोळ्या तिले देऊ नका’ असं तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी चेहरा सरळ ठेवून म्हणालो, “छे.”

मग डॉक्टरनं कुत्र्यांची दुखण्यावरची गोळी लिहिली. उलटी किंवा काळी शी झाली तर गोळी बंद करा आणि मला फोन न करता सरळ दवाखाना गाठा, असं दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी शी डांबरासारखी. याला मेलेना म्हणतात. पोटातलं रक्त पचून काळं होतं. लगेच तिला या दवाखान्यात आणलं.

दवाखान्यात सुमनचा भाऊ आला, बिरस्याहून. “भाऊजी, त्या फोनवालीची शिकायत टाका. जनावराले हात नाही लावला आन् गोळी लिवून देल्ली. चुकी तिचीच हाये.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आन् कुत्रीले आता सोडा. इथं मानसाले कोनी पुसत नाही.”

खरं सांगतो, तक्रार मी मनातल्या मनात लिहायलाही घेतली होती. चांगली जमत होती.

तेवढ्यात डॉक्टरांनी कागद पुढे केला. सलाईन, रोज रक्ततपासणी, मूत्रपिंडं साथ देतील याची हमी नाही. नाहीतर त्रास न होता कायमचं झोपवता येईल. मी ओळ न् ओळ वाचू लागलो.

“खाली सही करा न भाऊजी, काहून येवढं वाचता?”

“माह्या सहीनं जगन मरन ठरून राह्यलं तिचं. वाचतो.”

सलाईनवर सही केली आणि तिथल्याच बाकावरून, दोघांच्या देखत, त्या मुलीला फोन लावला. “मॅडम, मी खोटं बोललो. गोळी दिली होती.”

ती म्हणाली, “गोळीचं नाव, मिलिग्रॅम, शेवटची कधी दिली. आणि तिथल्या डॉक्टरांकडे फोन द्या.” दोघं बोलले. डॉक्टरांनी सलाईनचे दिवस वाढवले.

मेहुणा चिडला. “सगळ्याइसमोर सांगाची काय गरज होती?”

“होती.”

तिसऱ्या दिवशी लघवी नीट झाली. पाचव्या दिवशी चिंगीनं भाताची पेज चाटली. सातव्या दिवशी घरी आणली. क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्ण नाही. आता जन्मभर जपायचं. दर महिन्याला रक्त इथे तपासतो आणि रिपोर्ट त्या मुलीलाही दाखवतो.

गावात सांगतात, फोनवरची डॉक्टरकी खोटी. मी चारचौघांत उत्तर देतो: खोटा मी होतो. तिनं जे विचारायचं ते विचारलं, जे दिसत नव्हतं ते दिसत नाही, हे फॉर्मातच कबूल केलं. तुमच्यावर वेळ आली तर चारलेलं सगळं सांगा, बायको समोर असली तरी सांगा. लाज वाटेल, वाटू द्या. कुत्रीपायी इज्जत घालवली म्हणून मला हसतात. हसोत. मी तरी गप्प बसणार नाही.

चिंगी औषध फक्त सुमनच्या हातून घेते. मी रोज हात पुढे करतो, रिकामा, तळवा उघडा. ती वास घेते, माझ्याकडे बघते आणि सुमनकडे निघून जाते. बरोबर आहे तिचं. उद्याही करणार आहे मी हात पुढे.