शनिवारची बादली

रूथ, समीर, सहा आठवड्यांपूर्वी त्या शनिवारी दुपारी तुमच्या बाबांचा हॉस्पिटलमधून फोन आला, "आई, शीला गेली," तेव्हा मी न्हाणीघराच्या दारात उभी होते. समोर बादलीत तुमच्या मम्मीनं सकाळी भिजवलेली चर्चची कापडं होती. छातीत कळ आली म्हणून ती ओल्या हातांनीच रिक्षात बसली होती... मी फोन ठेवला आणि कापडं धुवायला बसले. दुसरं काही सुचेना.

प्रभुभोजनाच्या मेजावरची ती पांढरी कापडं वीस वर्षं तिनंच धुतली. बाबांची रेल्वेत बदली झाली आणि आपण नगरहून जयपूरला आलो, तेव्हा तिनं चर्चमध्ये हे काम मागून घेतलं. "मला हिंदीत प्रार्थना सुचत नाही, आई. धुणं येतं." तिच्या आईची रीत तिनं मोडली नाही: पहिल्या पाण्यात प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे डाग उतरतात, म्हणून ते मोरीत ओतायचं नाही, मोगऱ्याला घालायचं. तुमचे डबे, तुमचे अभ्यास, झोटवाडा वस्तीतल्या आजारी बायकांच्या भेटी, हे सगळं करून शनिवारी ती बादली असायचीच. मी डाळींच्या बरण्यांनाही चिठ्ठ्या लावणारी. "एक चिठ्ठी मलाही लावा," म्हणून ती मला चिडवायची.

एका नाताळाच्या आदल्या शनिवारी तिची कापडं गुलाबी झाली. रविवारी मेजापाशी बायका जमल्या. "शीलाजी, यह क्या हो गया?" ती म्हणाली, "मेरा ध्यान नहीं था." रूथ, तू आठ वर्षांची होतीस. "मम्मानं चर्चला होली खेळवली!" तू ओरडलीस आणि सगळे हसले. घरी येताना रिक्षात मी तिला म्हणाले, "नीट बघून भिजवावं गं." ती म्हणाली, "हो, आई."

मुलांनो, त्या बादलीत माझी सांगानेरची नवी लाल ओढणी होती. तिला वेगळी बादली भरावी लागू नये म्हणून मीच टाकली होती. पाण्याला रंग चढलेला पाहिला आणि गुपचूप खोलीत जाऊन पडले. तिला माहीत होतं. ती ओढणी पिळून दोरीवर वाळत तिनंच तर घातली होती... त्यानंतर तिनं चर्चसाठी वेगळी पांढरी बादली आणली. मला एका शब्दानं बोलली नाही. मीही उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले.

तिच्या स्मरणसभेत रूथनं तीच होळीची गोष्ट सांगितली. लोक रडता रडता हसले. मीही हसले. त्या दिवसापासून मला न्हाणीघरातला नळ ऐकू येतो. उठून जाते, तर बंद असतो.

परवा तिचा कप्पा आवरला. तळाशी ते गुलाबी कापड होतं, इस्त्री केलेलं. कितीदा धुतलं असेल कोण जाणे. रंग फिका झाला होता, गेला नव्हता. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही देवनागरी हिंदीतून शिकलात, सावकाश वाचा, पण वाचा. तुमच्या मम्मीची चूक नव्हती.

आता शनिवारची कापडं मी धुते. पहिलं पाणी मोगऱ्याला घालते. भिजवताना बादलीत दुसरं काही नाही, हे दोनदा पाहते. तरी थोड्या वेळानं पुन्हा जाते, वाकते... पाणी स्वच्छच असतं. हात घालायला धीर होत नाही.