देवगिरीचा राजा मी होतो तेव्हा

अमेरिकेत राज्य केलेला मराठी माणूस माझ्या माहितीत मी एकटाच. पाऊण तास केलं, तेही हर्नडनच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, पुठ्ठ्याचा मुकुट घालून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत देवगिरीच्या यादव राजाचं नाटक होतं. मंडळात सगळे डॉक्टर, नाहीतर इंजिनियर. मी चौथी नापास, मेहुण्याच्या मागं लागून आलेला, मोटेलात चादरी बदलणारा. राजा होणाऱ्या इंजिनियरची बदली झाली, आणि एवढे डायलॉग पाठ करायला कुणालाच टाइम नव्हता, म्हणून मला घेतलं. मला धड वाचता येत नाही. बायको वाचायची, मी ऐकायचो. ती सगळ्यांचंच वाचायची, त्यामुळं माझं सगळ्यांचंच पाठ झालं.

पहिल्या अंकात नाचणाऱ्यांच्या टोळीआडून किल्ल्यात घुसून मी चुलतभावाची गादी घेतली. दुसऱ्यात नुसती भरभराट. तिसऱ्यात उत्तरेची फौज आली. माझी फौज युवराजाबरोबर बाहेर गेलेली, आणि धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ! आता शत्रूच्या सरदारापुढं गुडघे टेकायचे.

सरदार म्हणजे आमचे हार्टचे डॉक्टर. कुठल्याही पार्टीत आले की मला न बघता माझ्या हातात कोट द्यायचे. मी पण घ्यायचो, अगदी घडी करून. पण आज सगळ्यांसमोर ह्यांच्यापुढं गुडघे टेकायचे, हे काही मला पचेना.

डॉक्टरांनी आपले डायलॉग ढालीच्या आत चिकटवले होते. लढाईत ढाल गेली घरंगळत टेबलांखाली. ते माझ्या कानाशी आले.

"पुढचं काय रे?"

मला येत होतं. 'शरण ये, राजा!' एवढंच तर होतं.

"नाही सांगत."

"अरे यार, प्लीज!"

मग मात्र मी मोठ्यानंच ओरडलो, "फौज घेऊन आलात ना? मग पाठ करून यायचं! देवगिरी मिळणार नाही, जा!"

टाळ्या पडल्या. मी छाती काढून उभा. मुकुट घसरून नाकावर आला, तरी हललो नाही. डॉक्टर घामाघूम.

तेवढ्यात पडद्याआडून, नाटकाची वही हातात घेऊन बायको खेकसली, "अहो, खरा राजा शरण गेला, तुम्ही कोण मोठे लागून गेलात? टेका गुडघे!"