आईच्या हातचा लेप

आमच्या आळीत माझ्या आईला सगळ्या बायका 'लेपवाल्या काकू' म्हणायच्या. आम्ही सांगलीत दोन खोल्यांच्या घरात राहायचो. वडील जतला मामलेदार कचेरीत कारकून होते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तरी जतकडं उन्हाळ्यात टँकर फिरायचेच, आणि ती कामं निघाली की वडील दोन-दोन आठवडे घरी येत नसत. मग घरात आई आणि मी. मी तेरा वर्षांची, एकुलती एक. आई आपल्या एकटीची आहे असं मी धरूनच चालले होते.

आई मूळची औंधची. लेपाची विद्या तिला तिच्या आत्याकडून मिळालेली. थंडीत संत्री खाल्ली की साली टाकायच्या नाहीत. त्या सावलीत वाळवायच्या, खलबत्त्यात कुटायच्या आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळायच्या. आवळकाठीचंही, म्हणजे सुकवलेल्या आवळ्याचंही, तसंच. त्यात मसुरीचं पीठ, चिमूटभर आंबेहळद आणि ताजी साय. लिंबू घालायचं ते चार थेंब, तेही साय असेल तरच. हे सगळं काचेच्या वाटीत कालवायचं, कारण पितळेत आंबट कळकतं. लेप लावून मुलीनं उन्हात जायचं नाही. नवीन मुलगी आली की आई आधी तिच्या कानामागं बोटभर लेप लावून बघायची, कातडीला सोसतो का ते. लग्न ठरलेल्या मुली पंधरा-वीस दिवस दुपारच्या यायच्या. आई कुणाकडून काही घ्यायची नाही. लग्न झालं की कुणी खण आणून द्यायची, कुणी नारळ.

तोपर्यंत मला त्या मुलींचं काही वाटलं नव्हतं. त्या यायच्या, लेप लावून घ्यायच्या, लाजायच्या आणि जायच्या.

त्या उन्हाळ्यात कुंडलकडची एक मुलगी आली. आमच्या शेजारच्या घरात तिचे चुलते राहायचे. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, वडील फौजेत सुभेदार. लग्न सांगलीत चुलत्यांच्या दारात करायचं ठरलं होतं, म्हणून महिनाभर आधीच तिला आणून ठेवली होती. अठरा वर्षांची असेल. रानात कामं करून चेहरा रापलेला, आणि दोन्ही गालांवर मुरमांचे काळे डाग. तिची चुलती तिला घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "आवं, हिच्या तोंडाचं काय तरी करा. नवरदेव शिकल्याला हाय. नंतर नावं ठेवायला नकोत."

ती मुलगी खाली बघत उभी होती. आईनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि म्हणाली, "बाय गं, नाक-डोळे किती छान हायत तुझे. डाग काय, जातील."

'बाय' हा शब्द मी त्याआधी आईच्या तोंडून दुसऱ्या कुणासाठी ऐकला नव्हता. माझ्यासाठीही फार ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी यायला लागली. बाकीच्या मुली पाटावर बसायच्या आणि आई समोर बसून लेप लावायची. हिला मात्र आईनं चटईवर आडवं व्हायला सांगितलं आणि तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. बोटांनी कपाळापासून लेप पसरत हनुवटीपर्यंत यायची, मग परत वर. लेप वाळेपर्यंत तिच्या केसांतून हात फिरवत राहायची. मी कोपऱ्यात सुट्टीचा अभ्यास घेऊन बसायची आणि एक अक्षर वाचत नसायची.

"हिला ताई म्हण," आई मला म्हणाली. मी म्हटलं नाही. महिनाभर मी तिला काहीच हाक मारली नाही.

आईनं माझे केस विंचरले तर हिसडे बसायचे. माझ्या अंगावर पाणी ओतायची ते घाईघाईनं, कामं पडलेली असायची. तिची बोटं इतकी हळू चालतात हे मला माहीत नव्हतं. आणि ते मला एका परक्या पोरीच्या तोंडावर बघायला मिळत होतं. ती गेली की मी आईशी धड बोलायची नाही. आई विचारायची, "काय झालं गं?" मी म्हणायची, "काही नाही." तिला पुढं विचारायला सवड नसायची.

त्याच उन्हाळ्यात माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फिकट नारिंगी रंगाच्या चघळायच्या गोळ्या दिल्या होत्या. ते म्हणाले होते, "यात व्हिटॅमिन सी असतं. हिरड्यांना चांगलं, कातडीलाही चांगलं."

आईनं विचारलं, "म्हणजे आवळ्यात असतंय तेच का?"

डॉक्टर हसले. "तेच."

घरी येताना आई मोठ्या खुशीत म्हणाली होती, "बघ, मी तोंडाला लावते ते डॉक्टर पोटात देतोय."

त्या गोळ्या जिभेवर ठेवल्या की दात आंबायचे. ओठाला चीर पडलेली असली तर तिथं चरचरायचं. एका दुपारी जेवून उठताना मला ते सुचलं. एकदम सुचलं असं म्हणणं खरं नाही. आदल्या दिवशी आई तिला म्हणाली होती, "लगीन होऊन गेलीस की मला चुकल्यासारखं हुईल बघ." तेव्हापासून माझ्या डोक्यात काहीतरी फिरत होतं. लेप बाधला तर तिची चुलतीच तिला पाठवायची बंद करील, एवढाच माझा हिशेब होता.

मी आठ गोळ्या लाटण्याखाली चुरल्या आणि कागदाच्या पुडीत बांधल्या. एक लिंबू पिळून रस वाटीत झाकून ठेवला. ती आली, आडवी झाली. आईनं लेप कालवून ठेवला, आणि तेवढ्यात बाहेर नळाला पाणी आल्याची ओरड झाली. आई कळशी घेऊन धावली. त्या मुलीचे डोळे मिटलेले होते. मी पुडी लेपात रिकामी केली, रस ओतला आणि बोटानं ढवळलं. माझ्या बोटाला नखाशेजारी कापलेलं होतं, तिथं झोंबलं. म्हणजे काय होणार ते मला कळत होतं.

आई आली. लेप पातळ झाल्यासारखा वाटला म्हणून तिनं त्यात आणखी थोडं पीठ घातलं आणि लावायला लागली.

ती मुलगी हलली नाही. मी वाट बघत होते, आता ओरडेल, आता उठून बसेल. थोड्या वेळानं तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते लेपातून ओघळ पाडत कानांकडं चाललं होतं. आईनं ते बघितलं. तिला वाटलं, पोरीला आईची आठवण आली. तिनं पदरानं तिच्या कानशिलावरचं पाणी टिपलं आणि वाकून म्हणाली, "रड, बाय. रडून घे. मी हाय न्हवं?" आणि त्या दिवशी आई तिच्या केसांतून नेहमीपेक्षा जास्त वेळ हात फिरवत राहिली.

मी केलं एक आणि झालं भलतंच. मला तिथं बसवेना. मी उठून मागच्या दारी गेले.

लेप धुतल्यावर गाल लाल दिसत होते. आईला वाटलं रडून लाल झाले. त्यात चुलतीनं तिला तिथूनच भर उन्हात पत्रिका वाटायला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलती आमच्या दारात येऊन ओरडायला लागली तेव्हा लग्नाला बारा दिवस उरले होते.

"आवं, काय लावलंसा पोरीच्या तोंडाला? कातडं निघालंय! लगीन तोंडावर आलंय, आता आमी पाव्हण्यांना काय सांगायचं?"

मुलगी तिच्या मागं उभी होती. दोन्ही गालांवर कातडी काळवंडून सोलली होती. आई तिच्याकडं बघत राहिली. मग आत गेली. कालची वाटी घासायची राहिली होती, कडेला लेप वाळून चिकटलेला होता. आईनं तो नखानं खरवडला, जिभेला लावला आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यापेक्षा तिनं लाटणं मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती परत दारात गेली. "चूक माझी हाय," ती म्हणाली. "लिंबू जास्त पडलं माझ्या हातनं. बारा दिवसांत मी तिचं तोंड नीट करून देते."

"आता आनि तुमच्याकडंच पाठवू व्हय?" चुलती म्हणाली.

तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा बोलली. "मी येनार," ती म्हणाली. "काकूंकडंच येनार."

चुलती गेल्यावर आईनं गाईचं तूप काढलं, तांब्याच्या ताटात घातलं, वर थंड पाणी ओतलं आणि ताट माझ्यापुढं ठेवलं. "तळहातानं फेस. पाणी काढून टाक, दुसरं घाल. शंभर वेळा. भाजलेल्या कातडीला ह्याच्यासारखं दुसरं न्हाई. आनि लावायचंस तू. मी हात लावणार न्हाई."

मी मोजत होते. चाळीसपर्यंत हाताला कळ लागली. साठनंतर तूप पांढरं व्हायला लागलं, आणि शंभर झालं तेव्हा लोण्यासारखं हलकं, गार झालं होतं. दुपारी ती आली आणि आडवी झाली. मी तिच्या उशाशी बसले. डोकं मांडीवर घेतलं नाही. दुधाच्या गार घड्या ठेवल्या, मग तूप लावलं. जवळून बघितल्यावर कळलं की तिच्या पापण्यांच्या कडाही लाल झाल्या होत्या.

चार-पाच दिवस असं चाललं. आई स्वयंपाकघरात असायची, आमच्याकडं यायची नाही. ती मुलगी मधूनमधून तिकडं मान वळवायची. तेवढ्यानंही मला राग यायचा, आणि राग येतो याची लाजही वाटायची. शेवटी एक दिवस मी तूप लावता लावता म्हणाले, "त्या दिवशी लेपात मी काहीतरी घातलं होतं."

"ठावं हाय," ती डोळे न उघडता म्हणाली. "आंबट गोळ्या व्हत्या न्हवं? ओठावर आलं तवाच कळलं. आमच्या आबांनी मिलिट्रीतनं आनल्या व्हत्या तसल्या."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर काकूंनी हात काढला असता. डोक्यावरनं." मग म्हणाली, "तुला रोज मिळतंय, तुला काय कळायचं?"

मला रोज मिळत नाही, असं मला सांगायचं होतं. पण तिच्या सोललेल्या गालावर माझी बोटं होती.

लग्नाच्या दिवसापर्यंत गाल बरेच भरून आले. उजव्या गालावर करंगळीएवढा तपकिरी डाग राहिला, तो पावडरखाली झाकला. नवरदेवाचं त्याच्याकडं लक्षही गेलं नसावं. पाठवणीच्या वेळी ती चुलतीच्या गळ्यात पडून रीतीप्रमाणं रडली. मग गर्दीतून वाट काढत माझ्या आईकडं आली, आणि त्या रडण्याला रीत नव्हती. आईही रडली. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. वाईट वाटत होतं आणि जळतही होते, दोन्ही एकाच वेळी.

चुलतीनं आळीभर सांगितलं. त्या वर्षी आईकडं एकही मुलगी आली नाही. पुढच्या थंडीत आईनं संत्र्याच्या साली वाळवल्या नाहीत. मीच एकदा ताटात पसरून ठेवल्या, तर तिनं त्या मुकाट्यानं उचलून टाकल्या. तेव्हा मी रडत म्हणाले, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुझं वय काय गं, तुझं नाव सांगायला?" ती म्हणाली.

"आणि मला कधी लावला नाहीस लेप. एकदाही नाही."

आई खरोखर बुचकळ्यात पडली. माझं तोंड निरखत म्हणाली, "तुझं तोंड चांगलंच हाय की. तुला कशाला लावायचा?"

दोन वर्षांनी शेजारच्या आळीतून एक मुलगी आली, मग आणखी एक, आणि आईचं हळूहळू परत सुरू झालं. त्यानंतर मात्र लेप कालवला की तो जिभेला लावून बघितल्याशिवाय ती कुणाच्या तोंडाला लावायची नाही.

कुंडलच्या त्या मुलीची पत्रं आईला यायची. नवऱ्याच्या नोकरीबरोबर ती सातारला गेली होती. आई चौथी शिकलेली, छापील वाचायची, पण हातचं अक्षर तिला लागायचं नाही. म्हणून पत्र मी वाचून दाखवायची. मुलगा झाला, सासू बरी आहे, यवतेश्वरच्या डोंगरावर जाऊन आलो, असलं सगळं. शेवटी दर वेळी एक ओळ असायची, की काकू, डोळे मिटले की तुमचा हात डोक्यावर आहे असं वाटतं. ती ओळ मी वाचायची नाही. "बाकी ठीक आहे," एवढं म्हणून पत्र घडी करायची. तीन पत्रं मी असंच केलं.

चौथं पत्र आलं तेव्हा मी मॅट्रिकला होते. आई गहू निवडत बसली होती. मी सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीशी थांबले. मग तीही वाचली.

आईचा हात सुपातच राहिला. "आधीच्या पत्रांत पण असायचं का गं हे?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "हो."

ती पुन्हा गहू निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "ती जुनी पत्रं आण. शेवटचं तेवढं वाच."

मी उठले, फळीवरून पत्रं काढली आणि एकेक करून तिन्ही ओळी तिला वाचून दाखवल्या.